गावंडे सरांचं कोरं रक्त

फार्मसी कॉलेजात नवी बॅच आली की गावंडे सर पहिल्याच तासाला शर्टाची बाही वर करून कोपराजवळची शीर दाखवत. "पाहून घ्या. इतकं कोरं रक्त अख्ख्या अमरावतीत नाई." कोरं म्हणजे औषधाचा अंशही नसलेलं. रक्तातलं अँटिबायोटिक मोजायचं तर आधी असं रक्त यंत्रातून काढून पाहावं लागतं. औषध असेल तर ठरलेल्या मिनिटाला पडद्यावरची रेघ टोकासारखी वर उठते, नसेल तर सरळ जाते. या कोऱ्या रक्ताचा मान सरांनी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता.

त्यांचा आवडता विषय अँटिबायोटिकचा गैरवापर. "डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी घेणारा समाजाचा शत्रू आहे," हे वाक्य ते शुद्ध मराठीत, डोळे मिटून म्हणत. तास संपला की आम्हाला कोपऱ्यावरच्या गाडीवर नेऊन स्वतःच्या पैशानं गिला वडा खाऊ घालत. स्वतः दोन प्लेटा जास्त खात, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वेळ पोट धरून बसत.

मी तेल्हाऱ्याची. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. सर मला नावानं नाही, गावानं हाक मारत. माझा प्रबंध सिप्रो नावाच्या अँटिबायोटिकवर होता. तो वेळेत झाला नसता तर सहा महिने लांबला असता, आणि घरी लग्नाचं बोलणं प्रबंधापर्यंतच थांबवलेलं होतं.

त्या दिवशी सरांचं ताजं रक्त यंत्रात गेलं. सिप्रोच्या मिनिटाला रेघ उठली, तीही ऐटीत.

"हात धुतले होते काय व, तेल्हारा?" सर म्हणाले. "हे काई कापसाचं गोदाम नाई."

मी हात धुतले. बाटल्या धुतल्या, यंत्रात नुसतं पाणी सोडलं. रेघ सरळ. पुन्हा सरांचं रक्त सोडलं. टोक जागेवर हजर. मला कळलं होतं, पण सरांना हे कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्यासोबत शाहिद होता, अकोल्याच्या जुन्या शहरातला. त्याला असला संकोच नव्हता.

"सर, काल गिला वडा खाल्ला व्हता काय?"

"त्याचा इथं काय संबंध बे?"

"नाई, तुमचं पोट बिघडते म्हणून इचारलं. मंग सकाळी काई घेता काय?"

तो सरांच्या खिशाकडे पाहून राहिला होता. तिथून गोळ्यांच्या पाकिटाचं चंदेरी टोक डोकावत होतं. सरांनी खिशावर हात ठेवला, जणू छातीत कळ आली. मग यंत्राकडे पाहून म्हणाले, "म्हातारं झालं हे. काईबी दाखवते."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं माझं रक्त घेतलं. रेघ आमच्या वावरासारखी सपाट गेली. त्या वर्षीपासून सरांचं बाही वर करणं बंद झालं.

प्रबंध वेळेत झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी कोऱ्या रक्ताबद्दल विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, "पोरीनं स्वतःचं दिलं. मी म्हणत व्हतो, मायं घे, पण ऐकतच नाई. निष्ठा म्हणतात याले." परीक्षकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. शाहिदनं खिडकीबाहेर पाहिलं.

नोकरीसाठी अकोल्याला निघाले त्या दिवशी सरांच्या पाया पडायला गेले. माझा घसा बसला होता. सरांनी खिशातून पाकीट काढलं, चार गोळ्यांचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "सकाळ-संध्याकाळ."

मी हात पुढे धरून तशीच उभी राहिले.

"घे व," सर हळूच म्हणाले. "आता काई तुयं रक्त कोरं ठेवाचं काम नाई."