मामेसासरे आणि चाळीस बाटल्या

बायकोलाही कधी न सांगितलेली एक गोष्ट आज लिहायला बसलो आहे. ती माझ्या मामेसासऱ्यांविषयी आहे, आणि ती सांगायची तर आधी एवढं कबूल करायला हवं, की दुसऱ्याच्या लघवीवर इतकं निरपेक्ष प्रेम करणारा माणूस अख्ख्या बेंगळूरुत दुसरा झाला नसेल. माझ्या बायकोचे हे मामा नव्वदच्या दशकात चामराजपेटेत एका खोलीची लॅब चालवत. एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज, मधे एक फुलाफुलांचा पडदा. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे मराठीत कानडी इतकी मुरलेली की वेगळी काढता येऊ नये. पेटेतले सगळे त्यांना अण्णा म्हणत, मी मामा म्हणे, आणि ते मला जावईबापू म्हणत. लग्नानंतर मी त्यांच्या हाताखाली कामाला लागलो, तरी माझं जावईपण त्यांनी कधी सोडलं नाही. शिव्यासुद्धा आदरार्थी देत. "जावईबापू, आपण गाढव आहात का? स्वल्प विचार करा!"

नमुना कसा आणावा याबद्दल त्यांची मतं फार कडक होती आणि ती ते कुठेही सांगत. बारशाला, मुंजीत, एकदा तर भर पंगतीत साराची वाटी हातात धरून त्यांनी समोरच्या तीन व्याह्यांना "पहिली धार सोडायची, मधली धरायची" हे समजावलं होतं. एका व्याह्याने सार परत पाठवलं. काउंटरवर एक बाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरून विचारलं, "बाई, ह्यात तुमचं किती आणि नारळाचं किती?" बाई लाजून नवी बाटली घेऊन गेल्या. तासाभराहून शिळा नमुना ते घेत नसत. थांबलेल्या नमुन्यात पेशी फुटून जातात, मग बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं. एक गृहस्थ नमुना खिशात ठेवून आधी मार्केटात भाजी घेऊन आले, तर मामांनी त्यांच्या पिशवीतली कोथिंबीर दाखवून म्हटलं, "ही ताजी कळते तुम्हाला, ती कळत नाही?"

पण त्यांचा खरा जीव होता पांढऱ्या पेशींवर. रिपोर्टात त्यांचं 'पस सेल्स' हे नाव वाचून माणसं पांढरीफटक पडत. "अण्णा, मला पू झालाय म्हणे!" असं म्हणत कुणी रडवेलं होऊन आलं की मामा त्याला स्टुलावर बसवत. "इकडे बघा. आपल्या चौकात एखाददुसरा पोलीस उभा असतो की नाही? त्याला बघून कोण दार लावून घेतं? तसं दोन-चार पेशी दिसल्या तर निवांत घरी जायचं. पण एकाच दारापुढे वीस पोलीस उभे दिसले तर आत काहीतरी झालंय. काय झालंय ते पोलिसाकडे बघून कळत नाही. ते डॉक्टर विचारतील, पुढची तपासणी करतील. सरी? ठीक?" बायकांच्या नमुन्यात कधीकधी बाहेरूनच पेशी मिसळतात, म्हणून घाबरवण्याआधी ते दुसरा नमुना मागवत. नव्याने आलेल्या पट्ट्यांशी त्यांचं सावत्र नातं होतं. पट्टी बुडवायची, दोन मिनिटं थांबायचं, एक चौकोन जांभळा झाला तर पांढऱ्या पेशी असाव्यात. "पट्टी नुसता वास घेते," ते म्हणत. "जांभळी झाली की काचेवर बघायचंच. डबीचं झाकण उघडं राहिलं असेल तर ती खोटंही बोलते."

बाटल्यांवर फक्त नंबर असायचे. नाव वाचलं की डोळा फितूर होतो, हा त्यांचा सिद्धांत. ते मायक्रोस्कोपाला डोळा लावून आकडा पुकारत आणि मी वहीत लिही. "अकरा! दोन ते चार. लिहा. बारा! दोन ते चार. तेरा! अरेच्चा, ही तर जत्रा आहे, जत्रा! भरपूर लिहा." त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी पेठ अक्का म्हणे आणि म्हणून मीही, जेवणाचा डबा ठेवताना म्हणत, "ह्यांना माझं तोंड वीस वर्षं वाचता आलं नाही, पण माझी बाटली वाचतील." मामा मान वर न करता म्हणत, "तोंड बोलत असतं ना, वाचायला थांबतंय कुठे."

आता ती गोष्ट. एका कारखान्याच्या तपासणीच्या चाळीस बाटल्या आल्या होत्या. अक्कांना दोन दिवस जळजळ होत होती. त्याही सकाळी येऊन नावांच्या वेगळ्या वहीत नाव टाकून आपली बाटली त्याच रांगेत ठेवून गेल्या. मामांना बाटली आली आहे हे ठाऊक होतं, नंबर ठाऊक नव्हता. मधे त्यांना दोनदा फोन आला, तिसऱ्यांदा कारखान्याचा माणूस दारात आला आणि ते त्याच्याशी बोलत बाहेर उभे राहिले. समोरच्या दुकानात टीव्हीवर मॅच सुरू झाली होती. सात बाटल्या राहिल्या होत्या. मी त्यांच्यात पट्ट्या बुडवल्या. एक पट्टी जांभळी झाली. स्पष्ट जांभळी. डबीचं झाकण सकाळपासून उघडंच होतं, असं मी मला सांगितलं, आणि एकही काच न बघता सात वेळा 'दोन ते चार' लिहिलं. मग मॅच बघायला गेलो.

ती पट्टी अक्कांची होती.

रिपोर्ट स्वच्छ म्हणून मामांनी त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. नऊ दिवस दवाखान्यात काढून त्या बऱ्या होऊन आल्या, हे माझं नशीब. त्या घरी आल्या त्या दुपारी मामांनी वही उघडली. सगळं अक्षर माझंच, कारण ते नेहमीच माझं असे. एका नंबरावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "जावईबापू, त्या दिवशी मधे मी उठलो होतो. कुठवर पाहिलं होतं मी?"

मी म्हणालो, "सगळे तुम्हीच पाहिलेत, मामा."

"सरी," ते म्हणाले. चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुष्कळ वेळ पुसत राहिले.

त्यानंतर ते मायक्रोस्कोपाला कधी बसले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरने वयाच्या मानाने नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "त्यांना काय कळतंय, दाखला माझ्या घरात आहे." ते पडद्याबाहेर काउंटरवर बसू लागले, बाटल्यांवर नंबर घालू लागले. आत मी बघे आणि मीच लिही. खोलीत सेंट्रिफ्यूजखेरीज आवाज नसे. एखादी काच खरोखर भरगच्च निघाली की मी मुद्दाम मोठ्याने म्हणे, "मामा, जत्रा आहे, बघता का?" पडद्याच्या पलीकडे खुर्ची किंचित करकरे. क्षणभर वाटे, उठले. मग आवाज येई, "आपणच बघा, जावईबापू. आपली नजर तरुण आहे." दोन वर्षं मी रोज एकदा तरी त्यांना बोलावलं, आणि एकदाही खरं सांगितलं नाही. मग ते गेले.

आता लॅबमध्ये यंत्र आहे. ते आकडे छापून देतं, कुणी पुकारत नाही. मला अजूनही एखाद्या सकाळी कुणीतरी शेजारून ओरडावं असं फार वाटतं, आणि मी लिहिता लिहिता थांबतो.

अक्का आहेत. वय झालंय, पण कान चांगले आहेत. ह्यांची नजर तेव्हापासूनच गेली, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि मी समोर बसून कॉफी पितो. त्यांच्या नवऱ्याची नजर शेवटपर्यंत शाबूत होती आणि ती काच त्यांनी पाहिलीच नव्हती, मीही नाही, हे त्यांना तोंडावर सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.