रविवारची स्कूटर-शिकवणी

मी विमा कंपनीत कारकून आहे, पण स्कूटर चालवणं ही माझी कॉलेजपासूनची हौस. ऑफिसातल्या मैत्रिणीला मी मैदानावर स्कूटर शिकवली, तेव्हा तिनं पेठ वडगावच्या तिच्या मावशींनाही माझ्याकडे पाठवलं. मावशी पन्नाशीच्या होत्या. त्यांना डेअरीला दूध स्वतः घालायला जायचं होतं.

"फी किती, मॅडम?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"राहू दे की, मावशी."

"मग मला शिकायचंच न्हाय. फुकट शिकवणारं माणूस मधनंच वरडतंय. आमच्या मालकांनी असंच शिकवलंतं."

मला हसू आलं, आणि तिथंच मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हौसेची फी सांगितली. त्यांनी गाडी कुंपणात घातली तेव्हाही मी ओरडले नाही. चौथ्या रविवारी त्या मैदानाच्या फाटकातून थेट रस्त्यावर गेल्या. मी घाबरून मागे धावले, तर त्या चौकाला वळसा घालून हसत परत येत होत्या.

पुढच्या रविवारी त्या दोन जावांना घेऊन आल्या. आता मी शिकवणीसाठी वेगळी स्कूटर घेतली आहे, आणि दिवाळीपर्यंतचे माझे सगळे रविवार भरलेले आहेत.