नऊ नंबरची खेळाडू

मैदानावर सगळे तिला स्कोअरबाई म्हणत. राजधानीतलं वर्तमानपत्र, त्यामुळे पुढची सगळी पानं मंत्र्यांची आणि मोर्चांची. शेवटच्या पानाचा खालचा कोपरा तेवढा तिचा. छत्तीस वर्षं तिने त्या कोपऱ्यात शहरातल्या क्लबांच्या सामन्यांच्या बातम्या बसवल्या. आता निवृत्तीला दोन वर्षं झाली होती, नवरा जाऊन सात. परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन रविवारी यायचा, दहा मिनिटांचा. तोवर घरात बोलायला रेडिओ.

त्या आठवड्यात फोन मंगळवारीच वाजला. तिने धावत जाऊन उचलला.

"आई, घाबरू नकोस, काही झालेलं नाही. हॉकी प्रशिक्षकाची जागा निघालीय. अर्जाला माझं नाव छापून आलेली तीन कात्रणं हवीत, उद्या पाचच्या आत. तुझ्याकडे काय, ढीग असेल."

ढीग होता. नाव नव्हतं.

लेक अकरा वर्षं शहराच्या संघातून खेळली आणि बातम्या आईनेच लिहिल्या. पत्रकारांच्या बाकावर ती एकटी बाई. लोक टपलेलेच होते, लेकीला डोक्यावर घेतलं म्हणायला. म्हणून तिने स्वतःला नियम घालून घेतला: बाकी दहा जणींची नावं छापायची, लेकीचं नाही. 'नऊ नंबरच्या खेळाडूने गोल केला', संपलं.

बुधवारी सकाळी ती कचेरीतल्या जुन्या अंकांच्या खोलीत जाऊन बसली. खाली बातमीदारांच्या दालनात तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. वर फायली सांभाळणारा तेवढा जुना.

"बाई, गोल काय नंबराने केला?" चार फायली उलटल्यावर तो म्हणाला. "मुलगी सावत्र होती की काय?"

"गप बसा आणि पुढची काढा."

दुपारी तीनला एक सापडलं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी ती इस्पितळात होती, तेव्हा सामन्याला कोर्टाच्या बातम्या करणाऱ्याला पाठवलं होतं. त्याला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. 'सदर गोल पंचांनी वैध ठरवला', असं त्याने लिहिलं होतं. पण लेकीचं नाव तीनदा होतं, आडनावासकट. फायलीवाला हसून हसून खोकायला लागला. ती हसली नाही. तिने ते तीनदा वाचलं, फोटो काढून पाठवला आणि फोन लावला.

"एकच मिळालं गं. पण मी सहीचं पत्र देते ना, की नऊ नंबर म्हणजे तूच. सगळे गोल तारखांसकट पाठ आहेत मला."

"आईचं पत्र कोण धरतं, आई? हसतील."

"अगं, पण मी तुझा सामना कधी चुकवला नाही."

"एक चुकवलास. म्हणून तर हे मिळालं."

लेक रागावली नव्हती. रागावली असती तर समजूत काढता आली असती. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"हो. ठेवते, आई. आहे तेवढ्यावर भरते अर्ज."

"रविवारी करशील ना?"

फोन बंद झाला होता.