चार दिवस थांबवलेला नारू

मुंबईच्या ज्या कॉलेजात मी डॉक्टरी शिकलो, तिथल्या एका खात्याचं नाव निघालं की अजूनही माझं डोकं फिरतं. नव्या संशोधनाला सुरुवातीचा हातभार म्हणून त्या खात्याकडे थोडी रक्कम बाजूला काढलेली असे. तीस सालाच्या आसपासची गोष्ट. मी सोलापुरात विणकरांच्या पेठेत एका धर्मार्थ दवाखान्यात होतो आणि त्या रकमेसाठी अर्जावर अर्ज खरडत होतो.

पेठेत दर उन्हाळ्यात माणसं नारूनं आडवी व्हायची. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून पांढऱ्या सुतासारखा लांबलचक किडा डोकं काढायचा. पायाची आग आग होते म्हणून माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाय पाण्यात धरून बसणार. नारूची पिल्लं त्या पाण्यात जाणार आणि तेच पाणी घागरी भरून घरोघरी पोचणार. माझं म्हणणं एवढंच होतं, की एका विहिरीच्या पायऱ्या बुजवू, वर रहाट बसवू, पाणी दुहेरी कापडातून गाळू आणि पुढच्या उन्हाळ्यात काय फरक पडतो ते बघू. कापडाच्या गावात गाळायला कापड मिळणार नाही होय?

खात्याचं उत्तर आलं, कल्पना चांगली आहे, पण आधी पुरावा हवा. अरे बाबांनो, पुरावा गोळा करायलाच तर पैसे मागतोय ना! मी पुन्हा लिहिलं. तेव्हा कळलं, की खात्याचे प्रमुख, म्हणजे माझेच जुने प्रोफेसर, मद्रासला जाताना गुरुवारी सोलापूरला उतरतील. अंगातून बाहेर येत असलेला जिवंत नारू त्यांना दाखवावा.

त्या आठवड्यात माझ्याकडे तसा एकच रोगी होता. चाळिशीतला तेलुगू विणकर, पेठेत सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याच्या घोट्यातून नारू निघत होता आणि त्याची बायको रोज सकाळी तो बोटभर ओढून काडीवर गुंडाळत होती. जन्मभर कांड्यांवर सूत भरणाऱ्या त्या बायका. नारू गुंडाळायचं कामही त्यांचंच समजलं जाई. खरं सांगतो, माझ्यापेक्षा तिचा हात हलका होता. आणखी दोन दिवसांत सगळा नारू बाहेर आला असता.

मी म्हणालो, "अण्णा, चार दिवस गुंडाळू नका. मुंबईचे साहेब बघायला येताहेत."

"त्यांनी बघिटलं की रहाट बसंल व्हय?"

"बसेल."

"मग थांबू की! चार दिसांनी काय हुतंय?"

बायकोला ते पटलं नाही. काडीवर चिंधी बांधता बांधता ती पुटपुटली, "सूत लई येळ ताणून ठेवलं की तुटतंय, डाक्टरसाब." मी हसलो. मी शिकलेला ना!

गुरुवारी स्टेशनवर गेलो. गाडी आली आणि गेली, साहेब काही उतरले नाहीत. दवाखान्यात परतलो तर तार येऊन पडलेली, मंगळवारी येतो म्हणून. अस्सा संताप आला! त्याच पावली अण्णाच्या घरी जाऊन "बाई, गुंडाळून टाका" म्हणायला हवं होतं. गेलो मी, पण मंगळवारपर्यंत थांबा असं सांगायला गेलो. त्या क्षणाची मला आजही चीड येते.

कुणाच्या तरी लग्नाचं लुगडं अण्णाच्या मागावर अर्धं राहिलेलं, व्यापारी रोज दारात. रविवारी तो मागापुढच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरला. दुखरा पाय बाजूला ठेवून एकाच पायानं पावड्या, म्हणजे मागाखालच्या फळ्या, दाबीन म्हणाला. पण वीस वर्षांची सवय, दुसरा पाय आपसूक पावडीवर गेला. काडी पावडीच्या दोरीत अडकली आणि नारू तुटून आत राहिला.

सोमवारी पाय उशीसारखा सुजला. ताप चढला. मी चिरा दिल्या, पू काढला, रात्रंदिवस शेकलं. मंगळवारी साहेब आले, एकदाचे! नाकाला रुमाल लावून दवाखान्याच्या दारातच उभे राहिले.

"नारू कुठे आहे?"

"आत तुटला, सर. तुमची वाट बघता बघता."

"म्हणजे दाखवण्यासारखं काही नाही तर." आणि चहा घेऊन पुढच्या गाडीनं मद्रासला गेले.

अण्णा वाचला, पण घोटा कायमचा आखडला. महिन्याभरानं खात्याचं पत्र आलं. प्रत्यक्ष पुराव्याअभावी अर्ज नामंजूर. मी ते चारदा वाचलं, खिशात कोंबलं आणि तडक अण्णाकडे निघालो. सगळं खरं सांगून टाकायचं आणि पाय धरायचे, असं ठरवूनच.

त्या घरात माग कधी बाईनं चालवला नव्हता. आता खड्ड्यात त्याची बायको बसली होती आणि अण्णा पाय लांब करून भिंतीशी कांड्या भरत होता.

"डाक्टरसाब, मुंबईचं काय आलं का?"

"आलं."

"मंजूर?"

तो असा काही माझ्याकडे बघत होता, की माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

"म्हंजे पाय फुकट न्हाय गेला की!" तो ओरडलाच आणि तेलुगूत बायकोला भराभरा सांगू लागला. तिनं धोटा थांबवला. माझ्याकडे बघून विचारलं, "मग रहाट कवा बसवताय?"