भाऊजींचा क्लाउडचा अहवाल

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, एकोणीस वर्षं एका रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळत होते. त्यांची खोली तळघरात, धुलाईखान्याला लागून. बाहेर वाफ, आत एसीची थंडी. रुग्णांचे सगळे रिपोर्ट तिथल्या सर्व्हरच्या चार कपाटांत. भाऊजींनी ती कपाटं तळहाताच्या फोडासारखी जपली.

मग नवे संचालक आले. म्हणाले, "क्लाउडच्या प्रकारांची तुलना करून द्या. आपण कुठला घ्यायचा तेही लिहा."

भाऊजींचं वय चोपन्न. आपली नोकरी राहणार की जाणार ते या कागदावरच ठरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ताई म्हणाली, "अहो, जरा हात राखून लिहा."

"खोटं कसं लिहू? उद्या एखाद्या पेशंटचा रिपोर्ट वेळेवर सापडला नाही तर?"

नाकासमोर चालणाऱ्या माणसाशी संसार म्हणजे काय, ते ताईला विचारा.

त्यांनी लिहिलं: पब्लिक क्लाउडमध्ये मशीन दुसऱ्याची, वापरू तेवढं भाडं, पण इंटरनेट गेलं की हात चोळत बसायचं. प्रायव्हेटमध्ये सगळं आपलं, म्हणून निस्तरायचंही आपणच. हायब्रिडमध्ये तातडीचे रिपोर्ट तळघरात, बाकीचं बाहेर. त्यांनी हायब्रिड सुचवला. रुग्णालयाला तोच योग्य होता, आणि त्यात त्यांची जागाही टिकत होती. ताईच्या जिवात जीव आला.

पण या गृहस्थांनी अहवालाला आपल्या सगळ्या वह्या जोडल्या! कुठला दिवा लाल झाला की काय करायचं, काय आधी बंद करायचं, काय नंतर. कुणालाही समजेल असं, सुवाच्य अक्षरात.

संचालकांनी हायब्रिड मान्य केला. वर म्हणाले, "इतकं छान लिहिलंय, की उरलेली दोन कपाटं नोंदणी खिडकीवरच्या बाईच बघतील. वेगळा माणूस कशाला?"

भाऊजींनी त्या बाईंना महिनाभर शिकवलं. तेही मन लावून! मला अजून राग येतो. त्यांची नोकरी गेल्यावर मी रोज वाट बघायचो, की तिथलं सगळं ठप्प व्हावं आणि संचालकांनी हातापाया पडून यांना परत न्यावं. रुग्णांचा विचारही माझ्या मनात आला नाही, हे कबूल करतो.

तिसऱ्या आठवड्यात भाऊजींनीच बाईंना फोन लावला. "काही अडलं तर संकोच करू नका हं."

"नाही हो साहेब, एकदाही अडलं नाही."

त्यांनी फोन ठेवला. ताईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सगळं नीट चाललंय," भाऊजी म्हणाले, आणि आमच्या देखत ढसाढसा रडायला लागले.