झालं का उतरवून?

आमच्या कॉलेजातल्या शिपाईमामांना मी वर्षभर मोबाईलवरच बघत आलो. कंपनीतून शिक्रापूरच्या खोलीवर आलो की शिरूरच्या कॉलेजानं नोकरीवाल्या पोरांसाठी टाकलेलं वर्गाचं रेकॉर्डिंग लावायचो. शाळा नववीत सुटलेली, बारावी बाहेरून केली, लिहिताना हात अजून हळू चालतो. बी.ए. नाही झालो तर नांदेडला घरी काय सांगू, ही धास्ती.

सर शिकवून गेले की मामा चित्रात यायचे. एका हातानं टोपी सारखी करत कॅमेऱ्याला विचारायचे, "झालं का उतरवून?" आन् डस्टर धरून, खडूची धूळ तरंगणाऱ्या उन्हात नुसते उभे राहायचे, पार माझी शेवटची ओळ होईपर्यंत. चित्र थांबवता येतं, हे मला ठाऊक होतं. मी कधी थांबवलं नाही. वहीतून मान वर न करता म्हणायचो, "झालं, मामा."

परीक्षेआधी रजा काढून पहिल्यांदा वर्गात गेलो. इथं आपलं काय काम, असं वाटत मागच्या बाकावर बसलो. सर गेले. मामा कॅमेऱ्यापुढं आले.

"झालं का उतरवून?"

"झालं, मामा," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी आधी कॅमेऱ्यात वाकून पाहिलं. मग माझ्याकडं.

"आलात व्हय?" म्हणाले, आन् सावकाश फळा पुसायला लागले.