‘घर’ नावाचं बटण

दुकानात दोन गोष्टी रोज साठतात, धूळ आणि किस्से. धूळ मी सकाळी झटकते, किस्से तसेच राहतात!

अक्कलकोट रोडला आमचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. काउंटरला मी, गिऱ्हाइकाशी बोलायला आमचे हे आणि फिटिंगला रज्जाकभाई. हल्ली जुन्या गाड्यांचा टेप काढून तिथे रस्ता सांगणारा स्क्रीन बसवायचं काम जोरात आहे.

*

अप्पा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाळे गावात राहतात. तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेले. एक दिवस त्यांचा पुण्याचा मुलगा त्यांना घेऊन दुकानात आला.

"अप्पा दोनदा वाट चुकलेत. आता स्क्रीन सांगेल तसंच चालवायचं. आणखी एकदा चुकले की गाडी विकणार!"

ती जुनी गाडी म्हणजे अप्पांचा जीव. बिचारे स्टुलावर बसले होते. हळूच मला म्हणाले, "ताई, हे नक्की घरी नेतंय न्हवं?"

मी खरं ते सांगितलं, "आपण जे घर सांगू, त्या घरी नेतं."

ते गेल्यावर हे मला म्हणाले, "एवढं खरं बोलणारं माणूस काउंटरला असून आपलं दुकान चालतं, हेच नवल!"

*

एका शाळेतले क्लार्क बायकोसोबत आले. त्यांचा टेप उपसला, तर मागून पिवळ्या अक्षता सांडल्या. याच गाडीतून त्यांची वरात निघाली होती म्हणे!

बाईंनी अक्षता तळहातावर घेतल्या. "बघा, अक्षता अजून संपल्या नाहीत, आणि यांना माझ्या माहेरी, जेऊरला जायला मशीन लागलं!"

*

मैंदर्गीचे एक मालक, मेंढरांचा व्यापार करणारे. जीपला स्क्रीन बसवून गेले आणि आठ दिवसांत परत आले.

"वढ्यातनं जाताना ही बाई म्हणती, हितं रस्ताच न्हाय. चाळीस वर्सं जातोय की म्या!"

हे म्हणाले, "मग तिचा आवाज बंद करून देतो."

"बंद नगं वो. तिला शिकवा!"

*

रज्जाकभाईंची एक पद्धत आहे. स्क्रीन बसला की त्यात ‘घर’ म्हणून आमच्या दुकानाचा पत्ता टाकायचा, सात रस्ता चौकापर्यंत चक्कर मारायची आणि ‘घर’चं बटण दाबायचं. गाडी बिनचूक दुकानात आली, की पत्ता पुसायचा. पण पुसायचं कधीकधी राहून जातं.

एकदा एक डॉक्टरीणबाई ड्युटी संपवून घरी निघाल्या आणि आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, मी इथे राहत नाही!"

रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, "गाडीकू हमारी आदत पड गई, मॅडम."

*

अप्पांची गाडी दिली, त्यानंतरच्या रविवारी ते बहिणीकडे अकलूजला गेले होते. स्क्रीन बसवल्यावरचा पहिलाच लांबचा प्रवास. संध्याकाळी सहाला गाडी आमच्या दारात हजर!

रज्जाकभाईंनी कपाळावर हात मारला.

मी घाबरून विचारलं, "अप्पा, वाट चुकलात का?"

"चुकतोय कशाला? घरावरनंच आलो की. बायको दारात उभी होती, तिला हातबी केला."

"मग थांबला का नाहीत?"

"बाई म्हणाली सरळ जा. आलो सरळ. ड्युटीवर घर लागलं म्हणून एसटी थांबवायचो व्हय मी? रूट म्हणजे रूट!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुण्याहून मुलगा. अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी स्पीकर लावला.

"अप्पा, पोचलात का घरी? खरं सांगा."

रज्जाकभाईंनी खिडकीतून हात घालून ‘घर’चं बटण दाबलं. स्क्रीन गोड आवाजात बोलला, "आपण घरी पोहोचला आहात."

"वा, अप्पा!" मुलगा खूश झाला. "आईला द्या जरा."

अप्पांनी इकडे तिकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.

आमचे हे जवळपास नाहीत ना, ते मी पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाले, "हं, बोल रे बाळा."